शेजाऱ्याची हरकत

बिझर्त, १४ ऑक्टोबर

निज़ार,

तुझ्या वकिलाची नोटीस काल पोहोचली. ती माझ्या नावे नाही, तुझ्या वडिलांच्या नावे आहे. त्यांनी ती वाचून दाखवायला माझ्याकडे दिली. अक्षरे त्यांना अजून ओळखता येतात, पण वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात हातून सुटते. मी त्यांना ती पूर्ण वाचून दाखवली. शेदली म्हणाले, "छान लिहिलंय. कोणाचा मुलगा आहे हा?"

तू लियोंहून अर्ज केला आहेस, की वडिलांना स्वतःचा सांभाळ करता येत नाही, म्हणून न्यायालयाने तुला त्यांचा पालक नेमावे आणि त्यांना सूसमधल्या वृद्धाश्रमात, तुझी आत्या दलीला हिच्या घराजवळ, हलवण्याची परवानगी द्यावी. अर्जातले पहिले विधान खरे आहे. दुसरे त्यातून निघत नाही. माणसाला स्वतःचा सांभाळ करता येत नाही यावरून एवढेच सिद्ध होते, की तो दुसऱ्या कोणीतरी करावा. तो कोणी करावा, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याला तुझ्या अर्जात उत्तर नाही. ते गृहीत धरले आहे.

त्यांचा सांभाळ आज होत आहे. सकाळी मबरूका येते, स्वयंपाक करते, त्यांना आंघोळ घालते. दुपारनंतर मी असतो. आमची दारे एकाच मजल्यावर समोरासमोर आहेत, हे तुला माहीत आहे. तुझे बालपण त्यांपैकी एका दारामागे गेले. औषधे वेळेवर दिली जातात. ते जेवतात. बंदराच्या बाजूची खिडकी ओळखतात. त्यांचे डॉक्टर सांगतात की अशा रुग्णाची जागा बदलली तर उरलेसुरलेही जाते. हे त्यांनी लेखी द्यायची तयारी दाखवली आहे.

सप्टेंबरातल्या घटनेचा तू आधार घेतला आहेस: संध्याकाळी ते पायजम्यात जुन्या बंदराच्या धक्क्यावर सापडले. हे घडले. ते कोणाला तरी शोधायला बाहेर पडले होते. अशी चूक पुन्हा होणार नाही, अशी व्यवस्था मी केली आहे.

पत्रात मी तेवढेच लिहितो, जेवढे सरकारी वकिलाने वाचले तरी चालेल. ही माझी सवय आहे. तुझ्यावरचा अविश्वास नव्हे. अर्ज मागे घ्यावास, अशी विनंती आहे.

तुझ्या वडिलांचा शेजारी,
तीजानी ग़र्बी


बिझर्त, २ नोव्हेंबर

निज़ार,

तू पत्राला पत्राने उत्तर दिले नाहीस, फोन केलास. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून इथे लिहितो.

तू म्हणालास, "प्रोफेसर, तुमच्याशी बोलताना मला तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. एकदा तरी साधं बोला. बाबा त्या दिवशी कोणाला शोधत होते?"

मी म्हणालो, लिहून कळवतो. तू हसलास. ते हसणे मला मान्य आहे.

तुझी आई तुला घेऊन सूसला गेली, तेव्हा तू बारा वर्षांचा होतास. त्या वयाच्या मुलाला काय समजते आणि काय नाही, याचा अंदाज मी करत नाही. पण एक गोष्ट तू नक्की ऐकली असशील, कारण ती अख्ख्या जिन्याने ऐकली आहे. रोज संध्याकाळी जेवण झाले की मी तुझ्या वडिलांच्या दारात उभा राहून मोठ्या आवाजात निरोप घ्यायचो. "बराय, सी शेदली, येतो. उद्या भेटू." आतून ते तितक्याच मोठ्याने म्हणायचे, "या, प्रोफेसर. सावकाश जा." माझे घर पाच पावलांवर होते, त्यामुळे सावकाश जाण्यासारखे काही नव्हते. मग मी माझे दार उघडायचो आणि आवाज होईल असे लावून घ्यायचो. दोन्ही स्वयंपाकघरांमागे कपडे वाळत घालायची एक सामाईक गॅलरी आहे, हेही तुला आठवत असेल.

यापुढचे मी लिहीत नाही. तुझी बुद्धी चांगली आहे.

हा निरोप आमच्यात इतका मुरला होता, की मी तो विचार न करता घेत असे. सप्टेंबरात तसाच घेतला. माझ्या घरात फोन वाजत होता, एक जुना विद्यार्थी बोलत राहिला, आणि गॅलरीतून पलीकडे जायला मला उशीर झाला. निरोप खोटा आहे हे ज्या दोघांना ठाऊक होते, त्यांपैकी एकजण ते विसरला होता. त्याने तो खरा मानला. तो पुढचे दार उघडून जिना उतरला आणि मला शोधायला निघाला.

धक्क्यावर जाळी शिवत बसलेल्या माणसांनी मला नंतर सांगितले.

"आम्ही विचारलं, चाचा, कोणाला शोधताय? तर म्हणाले, माझा माणूस गेला. मी म्हटलं, न सांगता गेला? तर म्हणाले, नाही रे, सांगून गेला. म्हणून तर काळजी वाटते."

त्यांनी त्याला आपला कोट घातला आणि घरी आणून सोडले. ती साधी माणसे आहेत, त्यांनी पुढे काही विचारले नाही. पण दलीलाच्या नवऱ्याचा भाचा बंदरावर कामाला आहे, आणि त्याच्यामार्फत ही बातमी तुझ्यापर्यंत आली, असे मी समजतो.

तेव्हापासून मी निरोप घेणे बंद केले आहे. मी सरळ तिथेच थांबतो. खालच्या मजल्यावरच्या लल्ला सासिया यांनी परवा जिन्यात अडवून विचारले, "प्रोफेसर, हल्ली तुमचा निरोप ऐकू येत नाही. भांडलात की काय दोघं?"

"नाही हो. त्यांना एकटं ठेवता येत नाही, म्हणून थांबतो."

"थांबा, थांबा. माझ्या नवऱ्याच्या वेळी मी तर सरळ झोपून जायचे. मेला उठून फ्रिजमध्ये चपला ठेवायचा!" आणि जाता जाता: "पण मला त्या आवाजावर घड्याळ लावायची सवय होती बघा."

मी साधे बोललो आहे, असे मला वाटते. आता उत्तर दे.

तीजानी ग़र्बी


बिझर्त, २३ नोव्हेंबर

निज़ार,

तुझे उत्तर मी दोन दिवस उलटसुलट तपासले. एवढ्या वर्षांत माझ्या विद्यार्थ्यांपैकी फार थोड्यांनी मला असे कोंडीत पकडले आहे. त्यासाठी तुझे कौतुक करतो. ते तुला नको असेल, तरीही.

तुझे म्हणणे मी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला ते नीट समजले आहे की नाही ते तुला तपासता येईल. न्यायाधीश पालक नेमण्यापूर्वी रुग्णाला समोर बोलावून प्रश्न विचारतात. मी हरकत घेतली तर मलाही बोलावतील. मग त्यांना विचारतील, हे गृहस्थ तुमचे कोण? आणि तुझे वडील आता जे मनात येते ते बोलतात. आपल्या देशात दोन पुरुषांचे नाते गुन्हा ठरवणारे दोनशे तिसावे कलम अजून जिवंत आहे. त्याखाली तीन वर्षे तुरुंग आहे. त्याआधी सरकारी डॉक्टरची जी तपासणी होते, तिचे नाव मी या पत्रात लिहिणार नाही. शहात्तर वर्षांच्या माणसाला त्या टेबलावर नेतील का? कदाचित नाही. पण हा "कदाचित" कोणाच्या मर्जीवर आहे, हे मी आयुष्यभर शिकवत आलो.

इथपर्यंत मीही पोहोचलो होतो. तू एक पाऊल पुढे गेलास. तू म्हणालास, "सूसमध्ये बाबा काहीही बोलले तरी लोक म्हणतील, म्हातारं भ्रमिष्ट झालंय. बिझर्तमध्ये तुम्ही त्यांच्या शेजारी उभे असता. तुम्ही असलात की त्यांच्या भ्रमाला चेहरा येतो, प्रोफेसर. तुमच्यामुळे तो पुरावा होतो."

याला माझ्याकडे उत्तर नाही. मी ते शोधले.

उलट तुझ्या बाजूने आणखी एक प्रसंग देतो, कारण जो वादी स्वतःला गैरसोयीचे सत्य लपवतो त्याच्यावर मी स्वतः कधी विश्वास ठेवला नसता. मागच्या शुक्रवारी आम्ही तिघे मासळीबाजारात गेलो. नेहमीच्या कोळ्याने विचारले, "सी शेदली, आज बोय ताजी आहे. किती जणांची देऊ?"

ते म्हणाले, "दोघांची. मी आणि हा. बायको आली नि गेली. हा आहे बघ अजून."

आजूबाजूचे हसले. मबरूका कमरेवर हात ठेवून पुढे झाली. "ऐका हो ऐका! भाकरी मी भाजायची, पाठ मी चोळायची, आणि मासळी दोघांची? माझा काटा तरी ठेवा!" लोक आणखी हसले. हसण्यात ते वाक्य वाहून गेले असते. पण शेदलींनी माझ्याकडे वळून माझ्या कोटाची कॉलर सरळ केली आणि हात तिथेच राहू दिला. घरात ते असे नेहमी करत. बाजारात कधी केले नव्हते. एक तरुण ग्राहक हसायचा थांबला आणि माझ्याकडे बघत राहिला. मी तो हात काढला. होय, मीच काढला. ते गोंधळून स्वतःच्या हाताकडे बघत राहिले, जणू त्याने काही सांडले असावे.

परतताना मबरूका म्हणाली, "प्रोफेसर, मी आंधळी नाही."

मी मासळीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"पण बाजारात मी आंधळी होते, एवढं ध्यानात ठेवा. कोणी विचारलं तर बाजारातलीच साक्ष देईन."

तेव्हा स्थिती अशी आहे. मी गप्प बसलो तर ते सुरक्षित राहतात, आणि सूसला जातात. मी बोललो तर कदाचित ते इथे राहतात, कदाचित आम्ही दोघेही कुठेच राहत नाही. ज्या एका विधानावर माझा सगळा हक्क उभा आहे, ते विधान हाच गुन्हा आहे. शेजारी म्हणून मला हक्क नाही. शेजाऱ्याहून अधिक जो काही आहे, तो म्हणून मला फक्त शिक्षा आहे.

एक मध्यममार्ग आहे. डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर भागवून न्यायाधीशांनी त्यांना समोर बोलावू नये, अशी विनंती तुझ्या वकिलाने करावी. मग मी निदान डॉक्टरांच्या मतावर वाद घालू शकेन, आणि त्यांना कोणी काही विचारणार नाही. तुझा वकील हे करेल का?

इथे थंडी पडू लागली आहे. ते तुझी आठवण काढतात असे लिहिले तर ते खोटे ठरेल. पण काल ते एका लहान मुलाची आठवण काढत होते, जो बुटाची नाडी बांधताना जीभ बाहेर काढायचा.

तीजानी


बिझर्त, १४ डिसेंबर

निज़ार,

काल तू न्यायालयातून निघताना माझ्याशी हात मिळवलास आणि गाडीत बसलास. तुझ्या वकिलाची विनंती न्यायाधीशांनी फेटाळली, यात तुझा दोष नाही. त्या बाईंनी कायद्याप्रमाणे केले. मी त्यांच्या जागी असतो तर रुग्णाला पाहिल्याशिवाय त्याच्या आयुष्याचा निकाल दिला नसता.

तू मागच्या बाकावर होतास, त्यामुळे तुला दिसले नसेल ते लिहितो.

मी हरकत घ्यायची ठरवून आलो होतो. माझ्या पायाशी एक पिशवी होती, ती तुझ्या वकिलाला कागदपत्रांची वाटली असावी. तिच्यात, मला अटक झालीच तर म्हणून, लोकरी बनियन, रक्तदाबाच्या गोळ्या आणि दाढीचे सामान होते. मी माझ्या एका माजी विद्यार्थिनीला, जी अशाच खटल्यांत वकिली करते, आदल्या दिवशी फोन करून ठेवला होता. ती म्हणाली, "सर, हे करू नका." मी कारण विचारले. ती म्हणाली, "कारण तुम्ही बरोबर आहात, आणि त्याचा काही उपयोग नाही." उत्तर सदोष होते, पण मी ते खोडले नाही.

न्यायाधीशबाईंनी विचारले, "आपण कोणत्या नात्याने हरकत घेता?"

मी उभा राहिलो. वाक्य तयार होते. ते लहान होते आणि त्यात एकही विशेषण नव्हते. पण त्या म्हणाल्या, "थांबा, आधी त्यांनाच विचारू," आणि शेदलींकडे वळल्या. आवाज त्यांनी मुद्दाम मऊ केला. "चाचा, हे गृहस्थ कोण? ओळखता का तुम्ही त्यांना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले. हा चेहरा तुला दिसला नाही, म्हणून सांगतो. गेले वर्षभर त्यांच्या चेहऱ्यावर जे असते, ते वाट चुकल्याचे, ते तेव्हा नव्हते. ते ताठ बसले. त्यांनी टायकडे हात नेला. काळ्या झग्यातली बाई, उंच टेबल, मागे झेंडा. हे सगळे त्यांनी पाहिले. आणि स्वच्छ आवाजात, बँकेतल्या त्यांच्या जुन्या आवाजात, म्हणाले:

"ओळखतो की. माझे शेजारी. फार सज्जन माणूस. त्यांना उगाच कशाला बसवून ठेवलंय तुम्ही? त्यांना घरी जाऊ द्या."

बाई हसल्या. तुझा वकीलही हसला. बाईंनी मला विचारले, "आपल्याला यावर काही सांगायचं आहे?"

मी म्हणालो, "नाही."

तू मला भित्रा समजला असशील, किंवा शहाणा. दोन्ही चुकीचे आहे. कबुली माझी एकट्याची असती तर मी दिली असती. ती दोघांची होती, आणि दुसऱ्याने नुकताच नकार दिला होता. जे दोघांचे आहे ते एकाने एकट्याने कबूल करू नये. आणि मी बोललो असतो तर पुढचा प्रश्न पुन्हा त्यांनाच विचारला गेला असता.

काल रात्रीपासून मी एकाच मुद्द्यावर अडलो आहे. त्या वाक्याचे दोन अर्थ संभवतात. पहिला: ते मला विसरले, आणि शेजारी हा त्यांच्या लेखी उरलेला खरा शब्द आहे. दुसरा: सगळे विसरून झाल्यावरही, अधिकाऱ्यासमोर काय म्हणायचे एवढे त्यांच्यात शिल्लक आहे, आणि त्यांनी मला वाचवले. पुरावा दोन्ही बाजूंनी सारखा आहे. मी न्यायाधीश असतो तर निर्णय राखून ठेवला असता. पण राखून ठेवलेला निर्णय घेऊन माणसाला जेवायला बसावे लागते, हे मला माहीत नव्हते.

तू शनिवारी त्यांना न्यायला येणार आहेस. त्यांना गाडीत पुढच्या सीटवर बसव, मागे त्यांना मळमळते. संत्रे सोलून देऊ नकोस, सोलायला दे. तेवढे काम हात अजून करतात. मोज्यांची शिवण बोटांना लागली तर चिडतात, म्हणून मोजे उलटे घाल. मबरूकाने त्यांची मिरचीची हरिसा वेगळ्या बाटलीत भरून ठेवली आहे. आश्रमातली त्यांना चालणार नाही आणि ते तसे सांगणारही नाहीत. दाढी मी शनिवारी सकाळी करून देईन.

तीजानी


बिझर्त, ३० जानेवारी

निज़ार,

काल मी सूसहून परतलो. तू फोनवर "काय म्हणाले बाबा?" असे विचारलेस आणि मी "बरे आहेत" म्हणालो. ते अपुरे होते.

आश्रम स्वच्छ आहे. संचालिकाबाई शिस्तीच्या आहेत आणि मला शिस्तीची माणसे आवडतात. नियम असा आहे की नातेवाईक रोज भेटू शकतात. मित्र आणि शेजारीपाजारी महिन्यातल्या पहिल्या आणि शेवटच्या रविवारी, दिवाणखान्यात, सगळ्यांसमोर. मी शेजारी म्हणून रविवारी गेलो.

ते खिडकीपाशी बसले होते. दाढी नीट केलेली नव्हती. हनुवटीखाली एक पट्टा राहिला होता. मोजे सुलटे होते. मी समोर बसलो तेव्हा ते सौजन्याने उठू लागले.

"बसा, बसा," मी म्हणालो.

"आपण कोणाला भेटायला आलात?"

"तुम्हालाच."

"अरे वा. माझ्याकडे कोणी येत नाही." मग जरा पुढे झुकून, "इथलं सूप पिऊ नका. धुण्याचं पाणी आहे नुसतं. मी कोणाला सांगत नाही, वाईट वाटतं त्यांना."

आम्ही संत्रे सोलले. ते सोलत होते, मी बिया काढत होतो. ते बँकेतल्या कोण्या कारकुनाची गोष्ट सांगत होते, जी मी फार वेळा ऐकली आहे आणि जिचा शेवट त्यांना आता येत नाही. शेवट मी सांगितला. ते इतके हसले की बाजूच्या बाई वळून बघू लागल्या. "तुम्हाला कसं माहीत?" ते म्हणाले. मी म्हणालो, ऐकून होतो. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा त्यांनी विचारले, "पुन्हा याल का? की लांब राहता?"

मी लांब राहतो. त्यांच्या घराला तू कुलूप घातले आहेस, ते योग्यच आहे. मबरूकाला लल्ला सासियांकडे काम मिळाले. जिन्यात भेटली की ती माझ्या हातात काहीतरी झाकलेले ताट देते आणि "उरलं होतं" म्हणते. मी दोघांचा भात शिजवतो, कारण एकट्याचे माप मला येत नाही. संध्याकाळी मी मोठ्याने वाचतो, म्हणजे आवाज असतो.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. तू काल म्हणालास, "मी संचालिकाबाईंना सांगू शकतो की तुम्ही बाबांचे भाऊ लागता. चुलत वगैरे. मग रोज सोडतील. पण तुम्हाला चालेल का, प्रोफेसर? तुम्ही खोटं बोलत नाही." आणि पुढे म्हणालास, "म्हणजे, तसलं खोटं."

तू हे विचारशील अशी माझी अपेक्षा नव्हती. तुझ्याबद्दल मी जी मते बनवली होती, त्यांतली काही मला मागे घ्यावी लागतील. ती कोणती, हे लिहीत नाही. तुला अंदाज आहे.

पक्षकाराचे नाते चुकीचे नोंदवले की त्यावरचा सगळा युक्तिवाद कोसळतो, हे मी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहीत असे. ते आजही खरे आहे. पण माझ्याकडे आता युक्तिवाद उरलेला नाही, त्यामुळे कोसळायलाही काही नाही. मी सूसमध्ये एक खोली पाहून आलो आहे. आश्रमापासून चालत जाता येते. जिना नाही.

तेव्हा होय. चुलतभाऊ चालेल, मावसभाऊही चालेल. फक्त वडिलांच्या बाजूचा की आईच्या, आणि आजोबांचे नाव काय सांगायचे, ते मला आधी कळव. संचालिकाबाई दोघांना वेगवेगळे विचारतील, आणि आपल्या उत्तरांत फरक पडता कामा नये.

तीजानी